जिवंत मेंदूचें मोजमाप

इव्हान तुर्गेनेव्ह हा रशियन कादंबरीकार १८८३ सालीं पॅरिसजवळ मरण पावला, तेव्हां त्याचा मेंदू काढून तराजूंत घालण्यांत आला. तो भरला २०१२ ग्रॅम. पुढें १९२४ सालीं फ्रेंच साहित्यिक अनातोल फ्रान्स वारला. त्याच्या मेंदूचें वजन अवघें १०१७ ग्रॅम भरलें. या अनातोल फ्रान्सला तीनच वर्षें आधीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. वजनावरून बुद्धीची प्रत ठरवावयाची म्हटल्यास या दोघांपैकीं एकाला दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट बुद्धिमान् म्हणावें लागेल, आणि त्यांचीं पुस्तकें वाचलेला कोणीहि मनुष्य तसें म्हणण्यास धजणार नाहीं. तरीसुद्धां एकोणिसाव्या शतकांतील मोठमोठे विद्वान् याच कल्पनेच्या नादीं लागले होते. पॉल ब्रोका यानें पॅरिसमध्यें शेंकडों मेंदूंचीं वजनें जमविलीं. पुरुषांचा मेंदू स्त्रियांच्या मेंदूहून सरासरीनें जड भरतो असें त्यांत दिसून आलें, आणि तेवढ्यावरून स्त्रियांच्या बुद्धीविषयीं त्यानें प्रतिकूल निकालहि देऊन टाकला. थोर शरीराबरोबर मेंदूहि थोर असावयाचा, ही साधी गोष्ट त्याला ठाऊक होती; तिचा पुरता हिशेब मात्र त्यानें कधीं मांडला नाहीं. आंकडे खरे होते, त्यांवरून काढलेला निकाल खोटा होता. मेंदूच्या मोजणीच्या इतिहासांत हा प्रकार पुढेंहि पुन्हां पुन्हां घडलेला आहे.

तराजूची आणखी एक मोठी अडचण अशी कीं, माणूस मेल्यावांचून त्याचा उपयोग नाहीं. मेंदू तोलतां येतो तो एकदांच. दहा वर्षांपूर्वीं तो केवढा होता, हें तराजूस सांगतां येत नाहीं. जिवंत माणसाच्या कवटींत डोकावण्याची सोय होण्यास फार काळ लागला. रोंटगेनला १८९५ सालीं क्ष-किरण सांपडले, परंतु त्यांच्या साध्या छायाचित्रांत कवटीचें हाड तेवढें ठळक उमटतें. आंतील मऊ मेंदू आणि त्याच्या भोंवतालचें पाणी यांत त्या किरणांना फारसा भेद दिसत नाहीं. १९१८-१९ च्या सुमारास अमेरिकेंत बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी या शस्त्रवैद्यानें मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून त्यांची आकृति छायाचित्रांत उठविण्याची युक्ति काढली. युक्ति उपयोगी होती, पण रोग्याच्या वांट्याला त्यामुळें भयंकर डोकेदुखी येई. निरोगी माणसावर ती करून पाहण्याची तर गोष्टच नको.

वाट मोकळी झाली ती अगदीं अनपेक्षित दिशेनें. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं घरोघर ठाऊक असलेल्या इ. एम्. आय्. कंपनींत गॉडफ्रे हौन्सफील्ड नांवाचा इंजिनियर होता. त्यानें डोक्याभोंवतीं क्ष-किरणांची नळी फिरवून निरनिराळ्या बाजूंनीं मापें घेतलीं आणि त्या सर्व मापांवरून डोक्याचा आडवा छेद गणकयंत्राकडून रचवून घेतला. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील विंबल्डन येथें अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयांत पहिल्या रोग्याचें डोकें या रीतीनें पाहण्यांत आलें. चित्र अवघें ८० चौकटी रुंद आणि ८० चौकटी उंच होतें. पण वांगें न चिरतां आंतली कीड दिसावी, तसा प्रकार झाला. हौन्सफील्डला आणि या विषयाचें गणित आधींच मांडून ठेवणाऱ्या अ‍ॅलन कॉरमॅकला १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हल्लीं मेंदूचें सूक्ष्म मोजमाप बहुधा ज्या यंत्रानें करतात तें मात्र याहून निराळें आहे. त्याचें नांव एम्. आर्. आय्. पॉल लॉटरबर याचें १९७३ सालचें संशोधन आणि पीटर मॅन्सफील्ड याचें त्याच सुमारास सुरू झालेलें कार्य यांतून तें उभें राहिलें, आणि २००३ सालचें नोबेल पारितोषिक या दोघांस मिळालें. या यंत्रांत क्ष-किरण नाहींत. माणसाला एका प्रचंड चुंबकाच्या पोकळींत निजवितात. रुग्णालयांतील नेहमींच्या चुंबकाची शक्ति १.५ किंवा ३ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाच्या सुमारें तीस ते साठ हजारपट. शरीरांतील पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन अणु असतात, आणि हायड्रोजनचा अणुगर्भ हा स्वतः एक चिमुकला चुंबकच होय. बाहेरच्या चुंबकापुढें हे अणुगर्भ थोडेसे एका दिशेला कलतात. मग त्यांच्यावर विद्युत्-लहरींचा मारा करून त्यांना त्या दिशेवरून ढळवितात, आणि मारा थांबल्यावर परत मूळ जागीं येतांना ते ज्या क्षीण लहरी सोडतात त्या टिपून घेतात.

या लहरी नभोवाणीच्या श्रोत्यांना अगदींच परक्या नाहींत. १.५ टेस्लाच्या चुंबकांत हायड्रोजन सुमारें ६४ मेगॅहर्ट्झवर बोलतो आणि ३ टेस्लाच्या चुंबकांत सुमारें १२८ वर, एफ्. एम्. केंद्रांचीं गाणीं या दोहोंच्या दरम्यान, ८८ ते १०८ वर, चाललेलीं असतात. म्हणूनच या यंत्राची खोली तांब्यासारख्या धातूच्या पत्र्यानें सर्व बाजूंनीं मढवितात. एरव्हीं बाहेरील प्रक्षेपणाच्या लहरी आंत शिरून मेंदूच्या चित्रावर रेघोट्या ओढतील.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. हें यंत्र मेंदूच्या पेशी पाहत नाहीं. पाण्याचें वर्तन पाहतें. मज्जातंतूंवर चरबीचें वेष्टन असतें. त्यांच्या सान्निध्यांतील हायड्रोजन लौकर पूर्वस्थितीवर येतो, म्हणून नेहमींच्या मोजणीच्या चित्रांत तो भाग उजळ दिसतो आणि त्याला पांढरें द्रव्य म्हणतात. पेशींची वस्ती असलेलें करडें द्रव्य त्याहून मंद दिसतें, आणि पोकळ्यांतील पाणी काळें दिसतें. पुढची सारी मोजणी या उजळ-मंद छटांवरून केलेल्या अनुमानावर उभी असते.

गणकयंत्राच्या दृष्टीनें मेंदू म्हणजे बारीक घनाकृति चौकटींची रास. एकेक चौकट साधारणतः एक मिलिमीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच, म्हणजे मोहरीच्या बारीक दाण्याएवढी. प्रौढ माणसाच्या मेंदूंत अशा बारा-चौदा लाख मावतात. तेवढ्याशा जागेंतहि हजारों मज्जापेशी दाटीवाटीनें बसलेल्या असतात, आणि चित्रांत त्या सर्वांना मिळून रंगाची एकच छटा येते. मेंदूच्या पृष्ठभागावर करड्या द्रव्याची जी साल असते तिची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन चौकटींची. दोन गटांच्या मेंदूंत आढळलेले म्हणून जे फरक शास्त्रीय नियतकालिकांत छापले जातात, ते पुष्कळदां या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनहि कमी असतात. एका चौकटीच्याहि आंतले. असा फरक एका डोक्यांत नजरेस पडत नाहीं. अनेक डोकीं एकत्र केल्यावरच तो सरासरींत वर येतो.

मोजण्याच्या रीति मुख्यतः दोन आहेत. जुनी रीत जमिनीच्या मोजणीसारखी: जाणत्या माणसानें एकेका छेदावर हव्या त्या भागाची कड आंखावयाची, तींत पडलेल्या चौकटी मोजावयाच्या, आणि सर्व छेदांची बेरीज घ्यावयाची. ती कष्टाची, पण डोळ्यांदेखतची. दुसरी रीत लंडनमध्यें वाढली आणि २००० सालीं जॉन अ‍ॅशबर्नर व कार्ल फ्रिस्टन यांनीं ती सविस्तर मांडली. तींत प्रत्येकाचा मेंदू गणकयंत्रांत ताणून, दाबून, वळवून एका नमुना-मेंदूवर बसवितात. किती ताणावें लागलें याची नोंद ठेवतात. आणि मग चौकटीमागून चौकट घेऊन तेथें एका गटांत करडें द्रव्य दुसऱ्या गटापेक्षां अधिक आहे कीं उणें, हें विचारीत जातात. यांत दोन मेखा आहेत. पहिली मेख नमुन्याची. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेला तालेराक व तुर्नू यांचा नकाशा, ज्यावर पुढें कित्येक वर्षें जगभरच्या मेंदूंचे पत्ते लिहिले गेले, तो साठ वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवरून केलेला होता. नंतर कॅनडांत माँट्रियल येथें ३०५ तरुण माणसांच्या मेंदूंची सरासरी काढून नवा नमुना तयार झाला, तोहि पाश्चात्त्यांचाच. हिंदुस्थानांतील माणसांवरून केलेले नमुने आतां मिळतात: हैदराबाद येथें शंभर तरुणांच्या मेंदूंवरून एक झाला, आणि २०२० मध्यें बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें सहा ते साठ वर्षांपर्यंतच्या वयांचे पांच प्रसिद्ध केले. अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा असेल तर चुण्या पडावयाच्याच, आणि त्या चुण्यांनाच रोगाची खूण समजण्याचा धोका राहतो.

दुसरी मेख गणिताची आहे. विसांत एक वेळ चुकण्याची मुभा ठेवून दहा लाख ठिकाणीं प्रश्न विचारला, तर कोठेंहि कांहीं फरक नसतांना पन्नास हजार ठिकाणीं तो ‘सांपडतो’. म्हणून चांगलें संशोधन ही मुभा फार आवळून धरतें. जें धरीत नाहीं त्याचीं रंगीत चित्रें अधिक मनोहर असतात.

या साधनांनीं काय साधतें, याचें उत्तम उदाहरण लंडनमधील टॅक्सीवाल्यांचें आहे. त्या शहरांत टॅक्सीचा परवाना हवा असेल तर १८६५ पासून चालत आलेली एक परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आंतील सुमारें पंचवीस हजार रस्ते आणि हजारों ठिकाणें तोंडपाठ असावीं लागतात; नकाशा न पाहतां कोठूनहि कोठेंहि जाण्याचा मार्ग परीक्षकापुढें घडाघडा म्हणून दाखवावा लागतो. तयारीला तीन-चार वर्षें सहज लागतात, आणि नापास होणारे पुष्कळ. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत एलिनॉर मग्वायर ही संशोधिका स्मरणशक्तीचा अभ्यास करीत होती. मेंदूच्या आंतल्या बाजूस, कानांच्या वरच्या अंगाला दोन्हीकडे एकेक वळलेला लहानसा भाग असतो. त्याची आकृति समुद्रांतील घोडमाशासारखी दिसते म्हणून त्याला हिप्पोकॅम्पस हें ग्रीक नांव पडलें. नव्या आठवणी आणि जागांचा नकाशा मनांत ठेवण्याशीं त्याचा निकट संबंध आहे. मग्वायर व तिचे सहकारी यांनीं सोळा टॅक्सीवाल्यांचे मेंदू टॅक्सी न चालविणाऱ्या पन्नास पुरुषांच्या मेंदूंशीं ताडून पाहिले आणि २००० सालीं निकाल प्रसिद्ध केला. टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा होता, पुढचा भाग लहान होता, आणि एकंदर आकारमान मात्र इतरांएवढेंच होतें. ज्याचीं धंद्यांत वर्षें अधिक, त्याचा उजवीकडचा मागचा भाग अधिक मोठा. गणकयंत्राच्या रीतीवरच न विसंबतां त्यांनीं जुन्या हातमोजणीनेंहि हें पडताळून पाहिलें, आणि कोणाचें चित्र कोणाचें हें मोजणाऱ्यास कळूं दिलें नाहीं. हा शेवटचा बारकावा ज्यांत पाळलेला नाहीं तें मोजमाप कितीहि अंकांनीं भरलेलें असलें तरी बेताबेतानेंच मानावें.

यावर शंका निघाली ती रास्त होती. कदाचित् ज्यांचा तो भाग जन्मतःच मोठा तेच लोक टॅक्सीवाले होत असतील. पैलवानाची छाती तालमीमुळें रुंद होते, कीं रुंद छातीचा मुलगाच तालमीची वाट धरतो? शिवाय दिवसभर मोटार हांकणें, गर्दी, मनाचा ताण यांचाहि तो परिणाम असूं शकेल. दुसऱ्या शंकेला २००६ मध्यें उत्तर मिळालें. बसचालक त्याच शहरांत, त्याच गर्दींत गाडी हांकतात, पण ठरलेल्या मार्गानें. त्यांच्या मेंदूंत हा फरक आढळला नाहीं. पहिल्या शंकेला उत्तर देण्यास अधिक धीर लागला. कॅथरिन वुलेट व मग्वायर यांनीं परीक्षेच्या तयारीला नुकतेच लागलेले ७९ उमेदवार आणि इतर ३१ माणसें घेतलीं. आरंभीं त्यांच्या मेंदूंत कांहीं भेद नव्हता. तीन-चार वर्षांनीं ३९ जण उत्तीर्ण झाले, तेव्हां पुन्हां चित्रें घेतलीं. उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागांत करडें द्रव्य वाढलें होतें. अनुत्तीर्णांपैकीं जे पुन्हां तपासणीस आले त्यांच्यांत आणि इतर माणसांत तें वाढलें नव्हतें. हें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. एकाच माणसाचें आधींचें आणि नंतरचें माप शेजारीं ठेवलें होतें, म्हणून या पुराव्याला वजन आहे.

लाभाबरोबर किंमतहि दिसली. एखादी गुंतागुंतीची रेखाकृति पाहून कांहीं वेळानें आठवणीनें काढावयास सांगितल्यास हे टॅक्सीवाले इतरांच्या मागें पडत. आणि नेमकें वाढलें काय, हें चित्र सांगूं शकत नाहीं. पेशींच्या शाखा फुटल्या असतील, पोषक पेशी वाढल्या असतील, रक्तवाहिन्यांचें जाळें दाट झालें असेल. पाण्याच्या लहरींवरून यांतलें एकहि वेगळें ओळखतां येत नाहीं. जर्मनींत २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तीन महिने चेंडू झेलण्याची कसरत शिकलेल्यांच्या मेंदूंतहि, हालचाल पाहण्याशीं संबंध असलेल्या भागांत, करडें द्रव्य वाढलेलें दिसलें; कसरत सोडल्यावर तीन महिन्यांनीं तें पुष्कळसें ओसरलें होतें. म्हणजे वाढ एकदां झाली कीं ती कायमची, असेंहि नाहीं.

मोजमापाला दगा देणाऱ्या गोष्टी मात्र अगदीं क्षुल्लक असतात. यंत्रांत डोकें किंचित् हललें तरी चित्राची कड पुसट होते, आणि गणकयंत्र त्याचा अर्थ करडें द्रव्य कमी असा लावतें. लहान मुलें, कंप असलेले वृद्ध आणि अस्वस्थ रोगी हेच अधिक हलतात. त्यामुळें रोगाचा म्हणून सांगितलेला फरक कधीं कधीं चुळबुळीचा असतो. एकाच माणसाचें माप दोन निराळ्या कारखान्यांच्या यंत्रांवर सारखें येत नाहीं. इतकेंच काय, मेंदू सकाळीं किंचित् मोठा आणि सायंकाळीं किंचित् लहान भरतो, आणि शरीरांतील पाणी कमी झालें तरीहि आकडा हलतो.

गटाविषयीं खरें असलेलें विधान व्यक्तीला लावण्याची घाई ही त्याहून गंभीर चूक होय. १९७६ सालीं लंडनमधील नॉर्थविक पार्क रुग्णालयांत ईव्ह जॉनस्टन, टिमथी क्रो व त्यांचे सहकारी यांनीं हौन्सफील्डच्या यंत्रानें छिन्नमनस्कतेचे जुने रोगी तपासले, तेव्हां त्यांच्या मेंदूंतील पोकळ्या निरोगी माणसांहून मोठ्या आढळल्या. त्या काळीं या रोगाचा दोष आईच्या वागणुकीवर ठेवणारा एक पंथ जोरांत होता. मुलाच्या दुःखावर आणखी हा कलंक कित्येक मातांनीं सोसला. रोगाला शरीराचाहि आधार आहे हें दाखवून या मोजणीनें त्यांच्यावर मोठा उपकार केला. पुढें अनेक ठिकाणीं तोच फरक सरासरींत दिसून आला. असें असूनहि आज पोकळ्या मोजून कोणाला छिन्नमनस्कता आहे किंवा नाहीं हें ठरवितां येत नाहीं, कारण कित्येक रोग्यांच्या पोकळ्या निरोगी माणसांहून लहान असतात आणि कित्येक निरोगी माणसांच्या रोग्यांहून मोठ्या. कोल्हापूरचीं माणसें पुण्याच्या माणसांहून सरासरीनें अर्धा इंच उंच आहेत असें समजा ठरलें, तरी दारांत उभ्या असलेल्या पाहुण्याची उंची पाहून त्याचें गांव सांगतां येणार नाहीं. तसाच हा प्रकार आहे. सुमारें पन्नास हजार माणसांची माहिती एकत्र करून २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें तर असें दाखविलें कीं, मेंदूची रचना आणि बुद्धि किंवा स्वभाव यांचा संबंध इतका सूक्ष्म असतो कीं तो खात्रीनें पकडण्यास हजारों माणसें लागतात; वीस-पंचवीस माणसांवर काढलेले अनुमान पुष्कळदां दुसऱ्यांदा टिकत नाहीं.

घराघरांत हा प्रश्न येतो तो निराळ्या रूपानें. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना चक्कर आली म्हणून चित्र काढलें जातें, आणि अहवालांत वयोमानानुसार मेंदू आकसल्याचा उल्लेख येतो. घरांतील मंडळींच्या पोटांत गोळा उठतो. वस्तुतः प्रौढपणापासून मेंदू हळूहळू आकसतच असतो, आणि म्हातारपणीं हिप्पोकॅम्पस निरोगी माणसांतहि वर्षाला सुमारें एक ते दीड टक्का घटतो. अल्झायमरच्या रोगांत तीच घट वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास जाते. भेद आहे तो वेगाचा, आणि वेग एका चित्रावरून कळत नाहीं. अहवालांतील शब्दहि बहुधा मोजून लिहिलेला नसतो; तज्ज्ञ डॉक्टर चित्र नजरेनें पाहतात, आणि विसरभोळेपणाची तक्रार असल्यास हिप्पोकॅम्पसच्या आसपासच्या झिजेला ० ते ४ असे गुण देतात. जो गुण साठाव्या वर्षीं काळजीचा, तोच ऐंशीव्या वर्षीं नेहमींचा असूं शकतो. शिवाय आठवण, बोलणें, हिशेब, रोजचे व्यवहार यांची रोग्याजवळ बसून केलेली तपासणी नसेल तर त्या गुणांना अर्थ येत नाहीं. पैशाचे व्यवहार नीट पाहणाऱ्या, नातवंडांचीं नांवें न चुकणाऱ्या वृद्धाला त्या एका ओळीवरून रोगी ठरविण्याचें कारण नाहीं; उलट व्यवहारांत चुका वाढत चाललेल्या असतील, तर चित्र साफ आहे म्हणून डॉक्टरांकडे जाण्याचें टाळणेंहि बरोबर नाहीं.

वर्षा-दोन वर्षांनीं पुन्हां चित्र काढण्याची वेळ आली तर तें शक्य तों त्याच यंत्रावर काढावें आणि पहिलें चित्र बरोबर न्यावें. अहवालाचा कागद बहुतेक घरांत जपून ठेवलेला असतो. त्याबरोबर मिळालेली तबकडी मात्र कोठें गेली तें आठवत नाहीं, आणि तुलनेला खरी गरज असते ती तिचीच.